तळ्याकाठची उतराई

सकाळी फिरायला जात चला, असे डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा हसूच आले. जिचा दिवस पहाटे नळाच्या सूंऽसूं आवाजाने सुरू होतो, डबे, शाळा, वह्या आणि उरलेल्या वेळात कादंबरीची चार पाने यांत मावळतो, तिने आणखी कुठे फिरायचे? पण रक्तातली साखर हसण्यावारी नेता येत नाही. मुकाट्याने पायात वहाणा सरकवल्या आणि घराबाहेर पडले. त्याला आता तीन वर्षे होतील.

माझे सासर खडकवासल्याचे. पुण्याहून दहा मैल, असे जुनी माणसे सांगत. आता मध्ये मैल असे राहिलेलेच नाहीत. घराला घर लागून शहर आमच्या दारापर्यंत आले आणि २०२१ साली आम्ही कागदोपत्रीही पुणेकर झालो. तरी पहाटेच्या वेळी गाव अजून गाव असते. धरणापाशी आले, की डावीकडे सिंहगड धुक्यातून नुसता खांदा दाखवतो. त्याच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा तेवढा आधी दिसतो आणि मला उगीचच राग येतो. उजवीकडे तळे. चौपाटीवरच्या भज्यांच्या आणि कणसांच्या गाड्या ताडपत्री पांघरून झोपलेल्या असतात, आदल्या रविवारची कणसांची साले वाऱ्यावर फिरत असतात. तेवढे ओलांडले, की गोऱ्ह्याच्या बाजूला रस्ता आणि पाणी यांची जोडी लागते आणि मग दोन पावलांमागे एक विचार अशा हिशेबाने माणूस चालू लागते.

हा हिशेब मला शिकवला आमच्या शेजारच्या एका निवृत्त बाईंनी. त्या म्हणाल्या, “नुसतं चालू नका. रोज चालताना पाच गोष्टी मोजायच्या, ज्यांच्याबद्दल मनापासून आभार मानावेसे वाटतात. मन हलकं होतं बघा.” सूचना चांगली होती. पहिल्या दिवशी मी मोजले: पाय चालतात, मुलगा शहाणा आहे, घरात पाणी येते, नवऱ्याला व्यसन नाही, शाळेतली नोकरी टिकून आहे. दुसऱ्या दिवशीही हेच. आठवड्याच्या शेवटी माझी यादी एखाद्या आळशी मुलाच्या पाढ्यासारखी तोंडपाठ झाली आणि मन हलके होण्याऐवजी कंटाळून गेले.

मी काही विदुषी नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमची आजी त्याला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत असे आणि अभिमानाने म्हणत असे. बालवर्गाच्या मुलांना शिकवायला आणि कादंबऱ्या लिहायला तेवढे पुरले. पण शब्दांची खोड फार. त्या कंटाळ्याच्या दिवसांतच एकदा फळ्यावर विरुद्धार्थी शब्द लिहिताना ‘कृतज्ञ’ या शब्दापाशी हात थांबला. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ! यात आभार कुठे आहेत? हात जोडणे कुठे आहे? शब्द सांगतो एवढेच, की तुझ्यासाठी कोणी काय केले आहे ते आधी माहीत करून घे. आणि विरुद्ध शब्द ‘कृतघ्न’, म्हणजे केलेल्याची हत्या करणारा. न जाणणे हीदेखील एक हत्याच असते की काय, या विचाराने मी तशीच खडू हातात धरून उभी राहिले. मुलांनी तेवढ्यात गोंधळ घातला, ते वेगळे.

आपल्या जुन्या लोकांना हे उमगलेले होते असे वाटते. दिवाळीची सुरुवात ते लक्ष्मीपासून करत नाहीत, गायीपासून करतात. पोळ्याला बैल, दसऱ्याला हत्यारे. नेमके कोणी काय केले, त्याची पोच त्याच्या त्याच्या दारी. माझी यादी मात्र मोघम होती. ‘घरात पाणी येते’ म्हणे! कोणाचे पाणी? कोणी आणले? तळ्याच्या काठाने रोज तासभर चालणारी बाई, आणि हे तळे इथे कसे आले ते तिला धड सांगता येऊ नये! त्या दिवसापासून पाच गोष्टी मोजणे मी सोडून दिले. एकच गोष्ट धरायची आणि तिच्या मुळाशी जाता येईल तेवढे जायचे, असे ठरवले. वाचनालयात खेपा घातल्या. वाचकहो, त्या खेपांतून जे हाती आले तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

पुण्याला पाण्याची ददात जुनीच. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून नळ टाकून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले, ते पुष्कळ वर्षे पुरले. इंग्रज आले तशी छावणी वाढली, शहर वाढले, शिवाय पूर्वेकडचा मुलूख पावसाच्या लहरीवर जगणारा. तेव्हा फाइफ नावाच्या एका लष्करी इंजिनियराने मुठेच्या वरच्या अंगाला खडकवासल्याची ही जागा हेरली. १८६९ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १८७९ साली पुरे झाले. दगडी बांधणीचे एवढे मोठे धरण त्या काळी या देशात नवलाचेच होते. तळ्याला साहेबाचेच नाव पडले, लेक फाइफ. आज हे नाव गावात विचाराल तर कोणालाही सांगता येणार नाही.

फाइफसाहेबाचे आभार मानावेत का, यावर मी दोन-तीन सकाळी घालवल्या. त्याने पाणी अडवले ते काही माझ्या माठासाठी नव्हे; पुण्याची आणि खडकीची छावणी त्याच्या डोळ्यांपुढे होती, कालव्याच्या पाणीपट्टीचे उत्पन्न सरकारच्या डोळ्यांपुढे होते. पण हेतू काहीही असो, जागा त्याने अचूक निवडली हे कृत्य त्याचेच. तेवढे जाणले म्हणजे झाले. मला अधिक टोचणी लागली ती दुसऱ्याच माणसांची. दहा वर्षे दगड फोडणारी, चुना मळणारी, डोक्यावर पाट्या वाहणारी शेकडो माणसे. त्यातच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. दख्खनेत माणसे अन्नान्न करून मेली, तेव्हा हे काम चालूच होते. या भिंतीचे दगड ज्यांनी उचलले त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला सापडले नाही. साहेबाचे नाव विसरायला आधी ते कोठे तरी लिहिलेले असावे लागते. यांचे लिहिलेच गेले नाही.

पुढे या धरणावर एक तरुण हिंदी इंजिनियर आला. पुण्याच्याच कॉलेजात शिकून १८८३ साली पहिला आलेला. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंच पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी लोक तळमळतात, हे त्यांनी पाहिले. भिंत उंच करावी तर खर्च अफाट आणि जुन्या पायाला भार सोसवेल की नाही ही शंका. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे योजले. पाणी ठरल्या पातळीपर्यंत चढेस्तोवर दरवाजे मिटलेले. पूर त्याहून वर गेला की समतोल वजनांच्या योगाने आपणहून उघडायचे, ओसरला की आपणहून मिटायचे. १९०३ साली ते येथे बसले आणि भिंतीला हात न लावता तळ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. हीच युक्ती पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर गेली. १५ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, देशभर इंजिनियरांचा दिवस पाळतात. पण त्यांच्या बुद्धीचा हा उंबरठा आमच्या गावात आहे हे गावातल्या किती मुलांना ठाऊक असेल? आमच्या वर्गातल्या मुलांना आता आहे. मी त्यांना पुठ्ठ्याचा दरवाजा आणि दोऱ्याला बांधलेला गोटा करून दाखवला. गोटा एका मुलाच्या पायावर पडला, त्यामुळे धडा चांगला लक्षात राहिला.

आता तळ्याच्या पलीकडच्या काठाविषयी. तो काठ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या बाजूला एक गलबतच उभे होते. खरे नव्हे, लुटुपुटीचे. समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य कसे उतरवावे याचा सराव समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या तळ्यात चाले. युद्ध संपले, गलबत ओस पडले. पुढे तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देणारी संस्था काढायचे ठरले तेव्हा तळे, डोंगर आणि मोकळी जमीन पाहून हीच जागा पसंत पडली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले.

तिथली मुख्य इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. आमच्यासारख्यांना आत सहज जाता येत नाही, मी ती छायाचित्रांतूनच पाहिली आहे. काळ्या दगडाची तीन मजली इमारत, लांब पडव्या, कमानी आणि वर जोधपुरी तांबड्या दगडाचा घुमट. लग्न होऊन आले तेव्हा हे नाव ऐकून मला वाटले, सुदान नावाचा कोणी साहेब असेल. ती इमारत म्हणजे एका देशाने दुसऱ्याला पाठवलेली उतराई आहे, हे कळायला मला वीस वर्षे लागली.

ती हकिगत अशी. १९४० च्या जुलैत इटलीच्या फौजांनी सुदानच्या सरहद्दीवरची कसाला आणि गल्लाबात ही ठाणी घेतली. सुदानात इंग्रजांपाशी फौज अगदीच थोडी. तेव्हा हिंदुस्थानच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनी तिकडे गेल्या. १९४१ च्या जानेवारीत कसाला परत घेतले आणि शत्रूला इरिट्रियाच्या डोंगरात रेटत नेले. केरेन नावाच्या गावापाशी डोंगरांची अशी भिंत उभी होती, की तिथे सात आठवडे झुंज चालली. २७ मार्चला केरेन पडले. त्या उघड्या, तापलेल्या कड्यांवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गल्लाबातच्या पुढे गोंदरच्या रस्त्यावर आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले तरुण लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवस आणि चार रात्री बसून पंधरा ठिकाणचे सुरुंग काढले, पंचावन्न मैलांचा रस्ता मोकळा केला. सुरुंगांनी खालची गाडी उडाली तरी दुसऱ्या गाडीत बसून पुढे निघाले. त्या युद्धातला हिंदी अधिकाऱ्याचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो. खडकीच्या बाजारात मी आयुष्यभर जाते आहे. हे नाव मला पुस्तकात भेटले.

या साऱ्याची आठवण म्हणून सुदान सरकारने १९४१ साली हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयकडे एक लाख पौंड दिले. हिंदी सैनिकांचे स्मारक व्हावे, एवढीच इच्छा. पैसे पडून राहिले. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, फाळणी झाली. टेबले, टाक, घोडे, रणवाद्ये यांबरोबर या आभारांचीही फाळणी झाली! सत्तर हजार पौंड आपल्याला, तीस हजार पाकिस्तानला. केरेनच्या कड्यावर मराठे, गढवाली, बलुच, पंजाबी एकाच ओळीत चढले होते. त्यांच्या नावाने आलेले देणे असे वाटून घेतले गेले. आपल्या वाट्याचे सत्तर हजार, म्हणजे त्या वेळचे सुमारे सव्वानऊ लाख रुपये, या प्रबोधिनीच्या बांधकामात घातले आणि मुख्य इमारतीला सुदानचे नाव दिले. ३० मे १९५९ रोजी सुदानचे राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

इथे माझ्यातली मास्तरीण कान टवकारते. १९४१ चे सुदान सरकार म्हणजे कोण? ते सुदानी लोकांचे नव्हतेच. कारभार इंग्रजांचा, नावाला इजिप्तची भागी. म्हणजे एका गुलाम देशाच्या तिजोरीतून, दुसऱ्या गुलाम देशाच्या शिपायांना, दोघांच्याही मालकाने दिलेली ही बक्षिसी. सुदानी शेतकऱ्याला कोणी विचारले होते का? हा प्रश्न मनात आला आणि त्या घुमटाची शोभा थोडी उतरली, हे कबूल करते. पण पुढे १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाले आणि तीन वर्षांनी त्याच स्वतंत्र देशाचा माणूस आपणहून येथे येऊन दार उघडून गेला. मालकाने परस्पर मानलेले आभार त्याने आपले म्हणून पत्करले. माझ्या लेखी त्या इमारतीला तिचे नाव खरे मिळाले ते त्या दिवशी. त्यानंतर पुण्याच्या कॉलेजांतून कितीतरी सुदानी मुले शिकून गेली. उंच, हळू बोलणारी मुले शहराच्या बसमध्ये दिसत. २०२३ च्या एप्रिलात त्या देशात यादवी भडकली. आपल्या सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ काढून तीन हजारांहून अधिक भारतीयांना जहाजांनी आणि विमानांनी बाहेर आणले. आपली माणसे परत आली. सुदानी माणसे जातील कुठे? त्या दिवसांत तळ्याच्या या काठावरून पलीकडे पाहताना मला यादीतली एकही गोष्ट मोजवत नसे.

एवढे सगळे लिहिले, पण जे लिहायला बसले ते अजून राहिलेच आहे. ते आजीचे आहे.

आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, पुण्यात नदीकाठच्या पेठेत राहायची. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे नदी. १९६१ साली ती तेवीस वर्षांची होती आणि माझे वडील दोन वर्षांचे. पानशेतला आंबी नदीवर मातीचे नवे धरण होत होते. काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारी जी मोरी असते तिचे काम अपुरे होते; तिच्यातून पाणी बेफाम सुटले, तशी वरची माती खचू लागली. पाऊस थांबायला तयार नव्हता. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. ते सारे पाणी खाली खडकवासल्यावर आले. साहेबी वेळेची ब्याऐंशी वर्षांची दगडी भिंत काही तास त्या लोंढ्याला आडवी उभी राहिली आणि मग तीही फुटली. पुण्याचे पूल पाण्याखाली गेले. काठच्या पेठांतली मातीची घरे विरघळली.

आजी वडिलांना काखोटीला मारून पळाली. चुलीवर भात होता. ती नेहमी म्हणे, “भाताला नुकता कढ आला होता गं.” घर गेले, भांडी गेली, तिचे लग्नातले शालू-पातळ, आजोबांची सायकल, सगळे गेले. पुढे पाच वर्षे पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकीत काढली. शिवाय खडकवासल्याचे तळे रिकामे झालेले. ज्या शहराला पाण्याने बुडवले त्या शहराच्या नळाला पाणी नाही, आडविहिरींवर रांगा, अशी त्या दिवसांची थट्टा.

माझे लग्न खडकवासल्यात ठरले तेव्हा ती एवढेच बोलली, “ज्या पाण्यानं घर नेलं, त्याच्या उशाशी नात दिलीत.” मला भेटायला यायची, पण रिक्षात तळ्याकडे पाठ करून बसायची. एकदा मी हौसेने तिला काठावर घेऊन गेले, तर पदर डोळ्यांवर ओढून म्हणाली, “दाखवू नकोस बाई. त्याचं माझं बोलणं नाही.” मी रोज सकाळी पाण्याचे आभार मोजू लागले तेव्हा तिची फार आठवण व्हायची. माझ्या यादीतले पहिले नाव तिच्या वैऱ्याचे होते. आणि तिचा राग चुकीचा होता असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. केलेले जाणायचे, तर अर्धवट मोरीवर पाणी अडवण्याची घाई झाली हेही केलेलेच आहे. तेही जाणलेच पाहिजे. देवाची करणी म्हणून त्यावर पांघरूण घालणारी कृतज्ञता मला नको.

पण तिच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी यायचे. “दिवसा आलं म्हणून वाचलो. रात्री आलं असतं तर एक जीव राहिला नसता.” साऱ्या पेठेत ते वाक्य होते. दिवसा का आले, हे मात्र कोणी विचारत नसे. नशीब म्हणत.

कादंबरीच्या निमित्ताने मी पानशेतविषयी वाचायला घेतले होते, तेव्हा त्याचे कारण मला सापडले. वरची माती खचताना दिसली तेव्हा लष्कराचे जवान बोलावले गेले. फुटण्याच्या आदल्या रात्रभर, धो धो पावसात, पायांखालचे धरण खचत असताना, ते वाळूची पोती भरून त्या खचत्या माथ्यावर रचत राहिले. पाणी इंचाने चढायचे, हे पोत्याने चढायचे. धरण वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. पण त्यांनी त्याला रात्र ओलांडून दिली. उजाडल्यावर ते फुटले आणि शहर जागे होते. आजीच्या नशिबाला हात होते, पुष्कळ हात होते, आणि दगड वाहणाऱ्यांसारखेच त्यांतले एकही नाव मला ठाऊक नाही.

मी ते वाचले त्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती. वय ऐंशी उलटलेले. मी तिच्या उशाशी बसून सगळे सांगितले. मोरी, माती, पाऊस, पोती. ती डोळे मिटून ऐकत होती. झोपली असे वाटून मी थांबले.

“रात्रभर?” तिने विचारले.

“हो, रात्रभर.”

“पावसात?”

“हो गं आजी.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना कुणी चहा तरी दिला का गं?”

मला याचे उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळाले नव्हते. मी काही बोलले नाही. पुढचा १२ जुलै आला तेव्हा ती अजून होती. सकाळी तिने माझ्या आईला सांगून एक कप चहा जास्त टाकायला लावला. आईने विचारले, कोण यायचंय? आजी म्हणाली, “तू टाक.” कप तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला. तो गार होईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “साखर घातलेली आहे, वाया कशाला घालवायचा?” आणि स्वतःच पिऊन टाकला.

तीन महिन्यांनी ती गेली. तळ्याशी तिचे बोलणे शेवटपर्यंत सुरू झाले नाही.

आता वर पानशेत आणि वरसगाव, पलीकडे टेमघर आणि खाली आमचे खडकवासले, अशी चार धरणे मिळून सुमारे एकोणतीस अब्ज घनफूट पाणी साठते; त्यात आमच्या या जुन्या तळ्याचा वाटा दोन अब्जांचाही नाही. पण वरच्या तिघांचे पाणी याच्याच दारातून शहरात जाते. पानशेतचे धरण पुन्हा बांधले गेले, त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. वरसगावच्याला बाजी पासलकरांचे नाव आहे. त्या पाण्याखाली गावे आहेत, उठून गेलेल्या माणसांची. त्यांच्याविषयी मी अजून पुरते वाचलेले नाही. यंदाच्या थंडीत तेवढे काम हाती घ्यायचे आहे. पावसाळ्यात इथून पाणी सोडतात तेव्हा पुण्यातला भिडे पूल बुडतो आणि लोक मोबाइलवर त्याची छायाचित्रे काढायला गर्दी करतात. आम्हाला इथे भोंगा ऐकू येतो.

परवा सकाळी फिरून येताना चौपाटीवरची एक गाडी लवकर उघडलेली दिसली. बाई स्टोव्ह पेटवत होती. दोन पोरगेले जवान, सुट्टीवर असावेत, पाठीला पिशव्या अडकवून सिंहगडाची वाट विचारत होते. मी वाट सांगितली. डोणज्यावरून उजवीकडे न वळता सरळ जा, असे काहीसे उलटसुलट सांगितले असणार, कारण गाडीवालीने लगेच दुरुस्त केले. मग मी तिला तीन चहा टाकायला सांगितले. पोरे संकोचली, नको म्हणाली. पैसे मी आधीच काढून ठेवले होते.